टाकलेल्या दगडांची भिंत

पंप काढून नेले त्या उन्हाळ्यात खाण पाण्याने भरायला लागली. आधी तळाशी हिरवट डबकं दिसलं, मग गाड्यांचा उतार बुडाला, मग ज्या कट्ट्यावर बसून अख्खी वस्ती दुपारचं जेवली होती तो कट्टाही बुडाला. काटाबाईचा मुलगा रोज सकाळी खाणीच्या कडेला जाऊन उभा राहायचा आणि पाणी कुठवर चढलं ते बघून परत यायचा. इतकी वर्षं तेच पाणी उपसून बाहेर टाकायचं त्याचं काम होतं. आता ते त्याच्या डोळ्यांदेखत वर येत होतं आणि त्याला कुणी हाक मारत नव्हतं.

घरी आला की तो अंगणातल्या भिंतीला पाठ लावून बसायचा. हातात पाना असायचा. घट्ट करायला काही उरलं नव्हतं, पण पाना खाली ठेवायचा नाही. सूनबाई चहाचा पेला शेजारी ठेवून जायची, तो गार व्हायचा, मग ती तोच गरम करून पुन्हा आणायची.

"अगं, तिसऱ्यांदा उकळतेस तो चहा. आता काढा झाला असेल त्याचा," काटाबाई म्हणायची.

"असू दे आई. नवीन करायला साखर कुठे आहे," सूनबाई म्हणायची.

काटाबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हतं. खाण जोरात चालायची त्या काळात निवडीच्या अंगणात बायका ओळीने बसायच्या. पुढ्यात खाणीतून आलेल्या दगडांचा ढीग, उजव्या हातात हातोडी, डावीकडे मालाची टोपली, उजवीकडे टाकाऊची. माल म्हणजे मँगनीज. काळा, जड, हाताला काजळीसारखा लागणारा. तो दूर कुठल्या कुठल्या भट्ट्यांना जायचा, पोलादात पडायचा. उरलेला टाकाऊ. ऐकायला सोपं आहे, पण डोंगराच्या पोटातला दगड काही खरं बोलत नाही. एखादा वरून काळाकुळकुळीत असतो, फोडला की आत तपकिरी खरखरीत, भट्टीच्या कामाचा नाही. एखादा वरून लालसर मातीचं नाहीतर पांढऱ्या गारेचं, म्हणजे गारगोटीचं, पांघरूण घेऊन येतो आणि आत असतो अस्सल काळा. बायका अशा दगडाला पांघरलेला म्हणायच्या. तो ओळखायचा तर रंग बघून भागत नाही, तळहातावर झेलून बघावा लागतो. दरेक दगड फोडत बसलं तर दिवस पुरायचा नाही.

काटाबाई झेलून बघायची. दगड हातात पडला न पडला की डावीकडे किंवा उजवीकडे जायचा, आणि तिची मान शेजारणीकडे वळलेली, तोंड चालू. मुकादम एकदा म्हणाला, "हिच्या हाताला काटा बसवलाय." त्या दिवसापासून ती काटाबाई. "जिभेलासुद्धा बसवलाय, तो सांगा की मुकादम," ओळीतली एक जण म्हणाली होती. दोन्ही गोष्टी तिने कौतुक म्हणूनच घेतल्या.

ओळीच्या मागून रूळ जायचे. तिथे तिचा नवरा टाकाऊची गाडी ढकलायचा आणि त्याचा जोडीदार मागे लाकडी दांडा दाबून ब्रेक लावायचा. बायका आपापली टाकाऊची टोपली गाडीत रिकामी करायच्या, गाडी ढिगाऱ्यावर जायची, उलटी व्हायची, खडखडत परत यायची. संध्याकाळी भोंगा झाला की हौदावर हात धुवायची गर्दी. पाणी काळं व्हायचं, नखं काही पांढरी व्हायची नाहीत. तिचा नवरा सगळ्यांच्या शेवटी यायचा, काखेत एखादा दगड धरून.

"बाकीच्यांचे नवरे घरी येताना काहीबाही खायला आणतात," ती वाटेने त्याला म्हणायची. "माझा नवरा मीच फेकलेला दगड परत घेऊन येतो."

"अंगणाला भिंत घालतोय."

"कशाला? कोण पळवून नेणार आहे आपलं?"

"धूळ येते ना घरात," तो म्हणायचा. "आणि तू फेकलेला दगड म्हणजे बघायलाच नको. आत काही नसणार. भिंतीलाच चांगला."

शेवटचं वाक्य तो मुद्दाम चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणायचा. तिला ते आवडायचं. नवरा आपल्या नजरेबद्दल चारचौघांत बोलतो म्हटल्यावर कुणाला आवडणार नाही? तर अशी ती भिंत एकेक दगडाने, वर्षानुवर्षं वाढत गेली. अंगणाला तिन्ही बाजूंनी वळसा घालून आली, थरावर थर चढत छातीएवढी झाली, आणि मग त्याच्या खोकल्याने त्याला अंथरुणाला खिळवलं. भिंत तिथेच थांबली. एका टोकाला आजही दगड मोकळे ठेवलेले होते, उद्या पुढे चालू करायचे असल्यासारखे.

दरवर्षी काटाबाई भिंतीचा खालचा भाग मातीने लिंपायची. वरचे दगड उघडे राहायचे. बसल्या जागेवरून तिचा हात तेवढाच पोचत असे.

*

उन्हाळ्याच्या मध्यात ठेकेदार आला. माणूस गोड बोलणारा, पायांत पांढरे बूट. खाणीच्या रस्त्यावर पांढरे बूट घालून येणाऱ्याचं काटाबाईला पहिल्या दिवसापासून नवल वाटत होतं. त्याने वस्तीला एकत्र बसवून सांगितलं की खाणीतला माल संपला असला तरी ढिगाऱ्यातला संपलेला नाही. पूर्वी भट्ट्यांना अगदी उंची दगड लागायचा, म्हणून हलका फेकून दिला. आता उंची कुठेच फारसा मिळत नाही, त्यामुळे हलकासुद्धा दळून, धुऊन चालतो.

"म्हणजे आम्ही फेकला तो आता माल झाला?" काटाबाईने विचारलं.

"झाला, आजी."

"तो कसा होईल? दगड तर तोच आहे."

"दगड तोच आहे, गिऱ्हाईक नवीन आहे," ठेकेदार म्हणाला, आणि लोक हसले.

अडचण एवढीच होती की जुना चांगला ढिगारा खाली दबलेला होता. त्याच्यावर पुढच्या काळातली माती आणि फुफाटा पडलेला. तो उपसेपर्यंत दगड दळायचं नवं यंत्र रिकामं ठेवून चालणार नव्हतं. आणि वस्तीतलं प्रत्येक घर त्या जुन्या ढिगाऱ्याच्याच दगडावर उभं होतं. जोतं त्याचं, पायऱ्या त्याच्या, न्हाणीची फरशी त्याची. ठेकेदाराने सांगितलं, जे घर आपला दगड देईल आणि ज्याचा दगड तपासणीत उतरेल, त्या घरातल्या एकाला यंत्रावर काम.

मग वस्तीत नुसती धांदल उडाली. लोकांनी पायऱ्या उपटल्या आणि घरात चढायला खोकी ठेवली. एकाने सासऱ्याची बसायची शिळा सासरा जेवायला आत गेला असताना उचलून नेली, त्यावरून दोन दिवस त्या घरात अबोला होता. ढिगाऱ्याच्या पायथ्याशी यंत्राचे सांगाडे उभे राहायला लागले, आणि कळलं की दगड धुवायला पाणी लागणार आहे. ते खाणीतून उपसायचं, म्हणजे पंपावर माणूस लागणार आहे.

त्या संध्याकाळी मुलाने पाना खाली ठेवला.

"आई, भिंत देऊ या."

काटाबाई दारात बसून पायाला तेल लावत होती. तिने मान वर केली नाही.

"तुझ्या बापाने घातलीय ती."

"माहीत आहे मला. मी काय दुसऱ्याच्या घरी वाढलो का? पंपाचं काम आहे, आई. दुसरं कुठलं असतं तर मी बोललो नसतो."

"आणि नाही दिली तर?"

उत्तर सूनबाईने दिलं, आतून, भांडी घासता घासता. "तर माझ्या भावाकडे जावं लागेल, आई. त्याच्या गावात कारखाने आहेत. त्याची एकच खोली आहे, पण तो या म्हणालाय. तुम्हीही चला."

"एका खोलीत ते दोघं, तुम्ही दोघं, आणि मी पाचवी," काटाबाई म्हणाली. "मला काय खुंटीला टांगणार?"

कुणी हसलं नाही. भिंत गेली तर नवऱ्याचं म्हणून दाखवायला अंगणात काही उरणार नव्हतं, आणि भिंत राहिली तर तिच्या आत राहायला माणसं उरणार नव्हती. पण तिच्या मनाला आणखी एक गोष्ट टोचत होती, आणि ती तिने बोलूनही टाकली.

"तपासून घ्या हवं तर. पण त्यात काही निघायचं नाही, आताच सांगते. इतरांच्या हातून सुटला असेल चांगला. ही भिंत माझ्या टाकाऊची आहे."

"आता हलकासुद्धा चालतो म्हणतात, आई."

"हलका चालत असेल. मी फेकला तो रिकामा आहे."

*

तपासणीला एक मुलगी आली. उन्हाची टोपी, खांद्यावर पिशवी, हातात भिंतीला भोक पाडायच्या यंत्रासारखं दिसणारं एक यंत्र. दगडाचा कपचा उडवायचा, ताज्या जागेवर यंत्राचं तोंड टेकवायचं, थोडं थांबायचं, मग मागच्या काचेवर आकडा उमटायचा. मुलगी कामाला चोख होती आणि बोलायला मोकळी. काटाबाईने तिला पाणी दिलं, ती बसून पाणी प्यायली, आणि हा काळा दगड मुळात समुद्राच्या तळाशी गाळ म्हणून साचला, मग दबला, भाजला, उभा-आडवा वळला, असं तिने सांगितलं.

"समुद्र? इथे?" काटाबाईने उजाड डोंगराकडे बघितलं.

"फार पूर्वी, आजी. माणूसच नव्हता तेव्हा."

"मग समुद्राचं वाईट झालं म्हणायचं," काटाबाई म्हणाली, आणि मुलगी हसली.

मुलीने वरच्या थरातले दगड घेतले. एक इथला, एक तिथला, एक कोपऱ्यावरचा. प्रत्येक वेळी काचेवर बघून तिचा चेहरा थोडा पडायचा.

"खूपच कमी आहे हो. हलका म्हणतो आम्ही त्याच्याही निम्मा नाही. खालचे बघते दोन-चार." ती लिंपणाजवळ वाकली.

"लिंपण उकरू नकोस, पोरी. आत्ताच केलंय," काटाबाई म्हणाली. "वरपासून खालपर्यंत एकच हात आहे. माझा."

"सगळी एकाच माणसाच्या टाकाऊची?"

"एकाच. विचार कुणालाही."

"मग ठीक आहे," मुलगी उठली आणि यंत्र पिशवीत घातलं. जाताना ती म्हणाली, "तुमची नजर फार पक्की होती, आजी. यंत्रालासुद्धा काही सापडलं नाही."

काटाबाईच्या अंगावर मूठभर मांस चढलं. मग तिने वळून मुलाकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून उभा होता, आणि त्याचा चेहरा पाहून तिला आपलं हसू कुठे ठेवावं ते कळेना. तो खाणीच्या दिशेने गेला. आत सूनबाईने फळीवरची पितळी भांडी खाली काढायला घेतली होती. ती एकेक पुसून टोपलीत ठेवत होती. आवाज होऊ नये म्हणून मध्ये कापड घालत होती.

*

दुपार तापली तशी काटाबाई अंगणात गेली. आत बसून त्या भांड्यांकडे बघवेना. मुलीच्या हातोडीच्या हादऱ्याने लिंपणाला भेग पडली होती. हाताला काहीतरी काम हवं म्हणून तिने माती कालवली आणि भेगेपाशी बसली. जुना पापुद्रा ओढला तसा त्याच्याबरोबर पायथ्याचा एक दगड सुटून तिच्या मांडीवर आला.

तिने तो उचलून बाजूला ठेवायला घेतला आणि तिचं मनगट खाली गेलं.

तशीच थांबली ती. दगड लालसर होता, वरून मातीचा. पुन्हा झेलला. मनगट पुन्हा खाली गेलं. हात म्हातारा झालाय, तिने स्वतःला सांगितलं. मग आत जाऊन उतरंडीमागून हातोडी काढली. दांडा सैल झाला होता, तो पाण्यात बुडवून घट्ट केला, आणि दगडावर एकच घाव घातला. दगड दुभंगला. आत काळा, रेशमासारखी चमक, आणि बोटाला काजळी.

एखादा सुटतो, ती मनात म्हणाली. कुणाचाही सुटतो. तिने शेजारचा काढला. तो पांढऱ्या गारेचं पांघरूण घेतलेला होता आणि आतून काळा होता. त्याच्या पलीकडचाही. तिने लिंपण भराभर खरवडायला सुरुवात केली, घाम डोळ्यांत जात होता तरी थांबली नाही. सगळ्यात खालचा थर मालाचा होता. त्याच्या वरच्यात माल जरा कमी. त्याच्या वरच्यात कुठे एखादा. कमरेच्या वर मात्र झेलावा तो दगड पोकळ, हलका, खरोखरीचा टाकाऊ.

तिला खालच्या थराची गोष्ट आठवली. ती लग्न होऊन नुकतीच आली होती तेव्हाची. निवडीच्या अंगणात नवी, रंग बघून दगड टाकणारी. पांघरलेला म्हणजे काय हे माहीतसुद्धा नव्हतं. त्या दिवसांत मुकादम ढिगाऱ्यावर फेरी मारायचा, आणि ज्या बाईच्या टाकाऊत चांगला दगड सापडेल तिला कामावरून काढून भोंग्याआधी घरी पाठवायचा. एकीला पाठवलं, दुसरीला पाठवलं. हिच्या टाकाऊत कधी काही सापडलं नाही.

मातीने भरलेले हात न धुता ती उठली.

*

ब्रेकवाला वस्तीच्या टोकाला एका पत्र्याच्या सावलीत बाजेवर पडून असायचा. नवऱ्याचा जोडीदार. उजव्या हाताची दोन बोटं ब्रेकच्या दांड्याखाली गेलेली, ऐकायलाही कमी. काटाबाई बाजेच्या कडेला बसली आणि फुटलेला दगड त्याच्या छातीवर ठेवला.

"भावजी, हा कुठून आला?"

त्याने दगड डोळ्यांजवळ नेला. मग तिच्या हातांकडे पाहिलं, आणि तोंडभर हसला. दात फारसे नव्हतेच.

"सापडला का शेवटी? मला वाटलं, मी मेल्यावर सापडेल."

"हसू नका. खरं सांगा."

"आता काय सांगायचं, वहिनी. तुमच्या टोपलीच्या कडेला निळी चिंधी बांधलेली असायची. तुमची टोपली गाडीत पडली की तुमचा नवरा बघून ठेवायचा कुठे पडली. ढिगाऱ्यावर गेलो की मला म्हणायचा, दांडा दाबून ठेव जरा. मी दाबून धरायचो. हा गाडीत वाकून तुमचे दगड चाळायचा. चांगला दिसला की बाजूला, रुळाखाली. संध्याकाळी काखेत."

"मालाच्या ढिगावर का नाही टाकला परत?"

"तिथे मुकादमाची खुर्ची. टाकाऊवाल्याने माल आणून टाकला तर कुणाच्या टोपलीतला, हे विचारणार नाही का तो? माल घरी न्यायचा म्हणजे चोरीच की ती. धरला असता तर दोघंही गेलो असतो. मी बोललो त्याला. म्हणाला, शिकेल ती, नजर यायला वेळ लागतो."

काटाबाईने दगड त्याच्या हातातून परत घेतला. तिला राग आला होता, मेलेल्या माणसाचा येतो तसला, कुठे काढायचा ते न कळणारा. आयुष्यभर तिने या नजरेवर मान ताठ ठेवली. जावांना ऐकवलं, सुनेला ऐकवलं, आज सकाळी त्या पोरीलाही ऐकवलं.

"मी चारचौघांत एवढं बोलायची," ती म्हणाली, "तेव्हा तुम्ही दोघं मागे हसत असाल."

"मी हसायचो," ब्रेकवाला म्हणाला. "तो डोळा मारायचा मला. पण वहिनी, तुम्ही बोलायला लागलात तोवर ते खरं झालं होतं. दोन-तीन उन्हाळ्यांत तुमच्या टोपलीत काही मिळेनासंच झालं त्याला."

"मग तरी आणत होते की रोज. वरचा सगळा टाकाऊच आहे."

"तर काय करणार? एकदम रिकाम्या हाताने यायला लागला असता तर तुम्ही विचारलं असतं, भिंत का थांबली. मग तुम्ही काट्यासारख्या मागे लागला असता. म्हणून तो आपला कुठलाही दगड उचलायचा. पुढे पुढे तर सवयच झाली त्याला. हात मोकळा असला की चालता येत नाही म्हणायचा."

काटाबाई हसली आणि त्याच दमात रडली. ब्रेकवाल्याने तोंड पत्र्याकडे वळवलं. तिला तो रस्ता आठवला, हौदापासून घरापर्यंतचा, ओल्या हातांनी चालायचा. नवरा काखेतला दगड सावरत, थोडा तिरका चालायचा, आणि ती त्याच्या चालीवरून त्याला चिडवायची. किती जड आहे ते तिने एकदाही विचारलं नव्हतं. त्या रस्त्याने पुन्हा एकदा त्याच्याबरोबर चालायला मिळावं म्हणून तिने काहीही दिलं असतं. आणि हेही तिला कळलं की आता दोनच गोष्टी करता येतात. लिंपण पुन्हा करून टाकायचं आणि काटाबाई म्हणूनच मरायचं, नाहीतर जाऊन सांगायचं.

*

मुलगा घरी आला तेव्हा उन्हं उतरली होती. काटाबाई दारातच बसली होती, हात अजून काळे.

"त्या तपासणीवाल्या पोरीला परत बोलव."

"आता कशाला, आई? झालं ना तुझ्या मनासारखं."

"खालचे थर मालाचे आहेत. नुसते मालाचे. माझं चुकलं."

आत भांड्यांचा आवाज थांबला. त्या घरात ते दोन शब्द काटाबाईच्या तोंडून कुणी ऐकले नव्हते. सूनबाई हातात पातेलं घेऊन दारात आली आणि नवऱ्याकडे बघत राहिली.

"सकाळचं चुकलं म्हणतेस?" मुलाने विचारलं.

"सकाळचंही चुकलं आणि तुझ्या जन्माच्या आधीचंही," ती म्हणाली, आणि मग तिने त्यांना सगळं सांगितलं. सांगताना एकदाही थांबली नाही, नाहीतर बोलता आलं नसतं. मुलगा भिंतीजवळ गेला, उघड्या पडलेल्या पायथ्याशी उकिडवा बसला, आणि दगडांवरून हात फिरवत राहिला. काळं झालेलं बोट त्याने शर्टाला पुसलं नाही.

मुलगी दुसऱ्या दिवशी आली. या वेळी काचेवरचा आकडा पाहून तिने यंत्र बिघडलंय की काय म्हणून दुसऱ्या जागी लावून बघितलं. ठेकेदारही आला, पांढरे बूट जपत. दगड हवा म्हणाला, पंपाचं कामही दिलं, पण वरचा रिकामा त्यात मिसळून चालणार नाही, निवडून द्या.

"निवडून कोण देणार? निवडणाऱ्या बायका आता आहेत कुठे?" मुलाने विचारलं.

"बाजूला हो," काटाबाई म्हणाली.

अंगणात पोतं पसरून ती बसली. उजव्या हातात हातोडी, डावीकडे माल, उजवीकडे टाकाऊ. मुलगा पहारीने भिंतीचा वरचा थर सैल करायचा, सूनबाई दगड पुढ्यात आणून टाकायची. पहिल्या दिवशी ती नुसतीच आणत होती. दुसऱ्या दिवशी हळूच शेजारी बसली.

"मला दाखवा ना, आई."

"रंग बघू नकोस. डोळे मीट. आता झेल. काय म्हणतं मनगट?"

"काही नाही म्हणत."

"मग टाकाऊ. हा घे."

"हा ओढतो खाली."

"हां. फोड आता. घाईने फोडू नकोस, बोट जाईल."

भिंतीपलीकडून निवडीच्या ओळीतली जुनी मैत्रीण बघायला आली. तिने डावीकडचा ढीग पाहिला, उजवीकडचा पाहिला, आणि गालात हसली. "काय गं, काटा बिघडला होता म्हणे तुझा?"

"होता," काटाबाई म्हणाली. "दुरुस्त करणारा घरचाच होता."

मैत्रीण पण खाली बसली आणि तिने एक दगड हातात घेतला.

भिंत उतरत गेली. वरच्या थरांत उजवा ढीग वाढला, ते नवऱ्याच्या शेवटच्या वर्षांचे दगड, लहान लहान, खोकला सुरू झाल्यावर पेलतील एवढेच उचललेले. मग मधले, मोठे आणि रिकामे. मग हळूहळू डावा ढीग वाढायला लागला. खाली उतरावं तशी काटाबाई तरुण होत चालली होती आणि तिची नजर कच्ची. कुठल्या दगडाला आपण का फसलो असू तेही तिला दिसत होतं, आणि ती सुनेला दाखवत होती. हा गारेमुळे. हा गेरूसारख्या मातीमुळे. हा तर नुसता ओला होता म्हणून टाकला असेल. अंगणाच्या तिन्ही बाजू उघड्या पडल्या आणि वारा सरळ घरात यायला लागला. धूळही आली. नवरा खोटं बोलत नव्हता, धुळीसाठी भिंत खरंच उपयोगी होती.

शेवटचा दगड कोपऱ्यातला, जमिनीत रुतलेला. मुलाने पहारीने तो वर काढला. हा पहिला. हा ठेवून तिचा नवरा यावर बसला होता आणि म्हणाला होता, बघ, भिंत सुरू झाली. काटाबाईने तो दोन्ही हातांनी घेतला, कारण एका हातात मावत नव्हता. तिने तो झेलला नाही, नुसता मांडीवर ठेवला.

सूनबाईने वाकून बोटाने कोपरा उचलून बघितला. "माल आहे, आई."

"माहीत आहे."

काटाबाईने दगड उचलला आणि उजवीकडे, टाकाऊच्या ढिगावर टाकला.

"अहो, चांगला आहे तो."

"त्याची जागा तीच," काटाबाई म्हणाली, आणि गुडघ्यावर हात देऊन उठली, हौदावर हात धुवायला गेली.

संध्याकाळी ठेकेदाराची गाडी माल घेऊन गेली. टाकाऊ मुलाने ढकलगाडीत भरला आणि ढिगाऱ्यावर टाकायला नेला. यंत्र सुरू झालं नव्हतं अजून, पण पंप बसला होता आणि त्याचा आवाज वस्तीपर्यंत येत होता. काटाबाई दारात बसून तो ऐकत होती. सूनबाईने फळीवर पितळी भांडी परत लावली होती आणि साखर घालून नवा चहा केला होता.

रिकामी गाडी खडखडत परत आली. मुलगा एका हाताने ती ओढत होता, थोडा तिरका चालत. दुसऱ्या काखेत दगड होता. त्याने तो अंगणाच्या कोपऱ्यात, जुन्या जागी ठेवला आणि हात झटकले.

"काय आणलंस?" काटाबाईने विचारलं.

"टाकाऊ आहे," तो म्हणाला. "बसायला बरा आहे."

तिने तो हातात घेऊन पाहिला नाही.